मदत हवी आहे: चेंजअप टाकताना मुलाच्या हाताचा वेग मंदावतो

माझा चौदा वर्षांचा मुलगा न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या बेसबॉल संघात उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो, आणि संध्याकाळी मैदानावर पालथ्या बादलीवर बसून त्याचे चेंडू झेलण्याचे काम माझ्याकडे असते. मी स्वतः बेसबॉल कधी खेळलेले नाही. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते सर्व कॅचरच्या जागेवरून दिसलेले आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

या वर्षी त्याचे प्लेटपासूनचे (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती पाटी) अंतर ५४ फुटांवरून ६० फूट ६ इंच असे पूर्ण झाले आणि केवळ फास्टबॉलवर निभावणे कठीण झाले. कर्व्हबॉलची (हवेत वळणाऱ्या चेंडूची) त्याला घाई आहे, परंतु फास्टबॉल आणि चेंजअप (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला, पण संथ येणारा चेंडू) यांवर पकड बसल्याशिवाय तिकडे वळू नये, हे प्रशिक्षकांचे म्हणणे मला पटते. अडचण चेंजअपचीच आहे. त्याचा फास्टबॉल ताशी सुमारे ६८ मैलांचा आहे. चेंजअप ५८ मैलांपर्यंत खाली येतो, म्हणजे कागदावर फरक उत्तम आहे. मी हिशेब मांडला तेव्हा चेंडू प्लेटपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ एक दशांश सेकंद अधिक लागतो असे दिसले, आणि बॅट आधीच फिरून जाण्यास तेवढा वेळ पुरेसा असावा. मात्र हा फरक चेंडूच्या पकडीतून न येता हात मंदावल्यामुळे येतो. पुढचे पाऊल आखूड पडते, कोपर रेंगाळते, आणि चेंडू सुटण्यापूर्वीच मला कळते की आता चेंजअप येणार. जे मला कळते ते बॅटरला कळणारच. हात पूर्ण वेगाने फिरव असे सांगितले, तर चेंडू माझ्या डोक्यावरून मागच्या जाळीवर जातो.

प्रसिद्ध पिचर पेद्रो मार्टिनेझच्या चित्रफिती पाहून तो अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून सर्कल चेंज धरतो. साताऱ्यात क्लब क्रिकेट खेळलेल्या माझ्या भावाने फोनवरून सुचवले की, स्लोअर बॉलसारखा चेंडू तळव्यात खोल रुतवावा. तेही करून पाहिले. वेग घटला, पण दिशा पूर्णपणे हरवली. पकड बदलावी, की आहे तीच पकड ठेवून हाताचा वेग सुधारावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी शिकागोजवळ या वयाच्या मुलांचा सराव घेतो. माझ्या मते दोष मुलाच्या हातापेक्षा त्या ५८ या आकड्यात अधिक आहे. स्पीडगन काही आठवडे घरीच ठेवावी. ‘हळू टाक’ हा विचार मनात आला की हात मंदावतोच, म्हणून त्याला फास्टबॉलच टाकायला सांगावे आणि वेग कमी करण्याचे काम बोटांवर सोपवावे. पेद्रोची बोटे विलक्षण लांब होती. चौदा वर्षांच्या लहान पंजात ते कडे बसत नाही, मूठ आवळली जाते, मनगट ताठ होते आणि चेंडू उशिरा खाली येण्याऐवजी वर सुटतो. त्याऐवजी तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे चेंडूवर ठेवून अंगठा खाली घ्यावा. चेंडू बोटांच्या टोकांपासून मागे, तळव्याजवळ असावा, पण रुतवलेला नसावा. आपल्या बंधूंची सूचना चुकीची नाही, कारण ६०१ सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखून सामना संपवणे) नोंदवणारा पिचर ट्रेव्हर हॉफमनही चेंडू तळव्यातच धरत असे. पण त्या पकडीवर ताबा येण्यास फार काळ लागतो.

सरावाआधी हात मोकळा करताना दूरवर जे चेंडू टाकले जातात, त्यातले निम्मे याच पकडीने टाकावेत. अंतर मोठे असले की हात मंद करून चेंडू पोहोचतच नाही, त्यामुळे सवय आपोआप मोडते. माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) तो आल्यावर तुमचा ग्लोव्ह गुडघ्यांच्या खाली ठेवावा. चेंजअप खाली पडला तर फारसे बिघडत नाही, वर राहिला तर मात्र तो निव्वळ संथ फास्टबॉल ठरतो. सुरुवातीला चार-पाच मैलांचाच फरक मिळाला तरी चालेल. दिवसभरात किती चेंडू टाकले, यात हे चेंडूही मोजावेत.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. तीन आठवडे आपण सांगितल्याप्रमाणे केले. काल अखेर स्पीडगन बाहेर काढली, तर चेंजअप ६३ मैलांवर होता, म्हणजे फरक पूर्वीपेक्षा निम्मा झाला आहे. परंतु हात आता मंदावत नाही आणि काल दोन वेळा मी फास्टबॉल समजून ग्लोव्ह आधीच मिटला. दुसरा चेंडू नडगीवर बसला, तेव्हा मुलाला झालेला आनंद लपवता आला नाही. एक शंका मात्र उरते. हा चेंडू शेवटी उजव्या बॅटरच्या अंगाकडे थोडा वळतो, म्हणजे डावखुऱ्यापासून दूर जातो, म्हणून प्रशिक्षक तो फक्त डावखुऱ्या बॅटरांना टाकायला सांगतात. त्याच्या संघासमोर डावखुरे जेमतेम दोन-तीन असतात. उजव्या बॅटरसमोरही तो वापरावा का, आणि वापरल्यास प्लेटच्या कोणत्या बाजूला?