हीटिंगच्या डक्टला कूलर जोडावा का?

सी-६०२, सकाळी ९.१०
सर्वांना नमस्कार. प्रश्न सोसायटीचा नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण बी विंगमधल्या काकांची सारी नोकरी सेंट्रल एसीचे डक्ट आखण्यात गेली, म्हणून इथेच विचारते आहे. माझी मुलगी अमेरिकेत डेन्व्हरला असते. त्यांनी नुकत्याच घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात गॅसची भट्टी आहे आणि हिवाळ्यात तिची गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून प्रत्येक खोलीत जाते. एसी मात्र नाही. जावयांचे म्हणणे असे की, ४,५०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा फेकणारा कूलर घराबाहेर बसवून याच डक्टला जोडला, तर वेगळा खर्च न करता सगळे घर गार होईल. हे कितपत योग्य आहे?

ए-१०३, ९.२२
ताई, कृपया कूलरच्या नादी लागू देऊ नका. आम्ही गेल्या एप्रिलमध्ये मुलुंडमधूनच मोठा कूलर आणला आणि पंधरा दिवसांत गाद्या दमट झाल्या, कपाटाची दारे फुगली. सध्या त्याच्यावर कुंड्या ठेवल्या आहेत.

बी-२०४, ९.४१
आपला अनुभव खरा आहे, पण तो मुंबईचा आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते, एका लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल. आणि वाफ किती व्हायची, हे हवा आधीच किती ओली आहे त्यावर ठरते. आपल्याकडे ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर थर्मामीटरला ओले फडके गुंडाळून कितीही वारा घातला तरी पारा २८ च्या आसपासच अडतो. चांगला कूलरही त्या फरकाच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचतो, त्यामुळे आपल्या पदरी पडते ती २९ अंशांची चिंब हवा. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा कोरडी आहे. ३४ अंशांच्या दुपारी आर्द्रता १५ टक्के असली, तर तोच पारा १६ पर्यंत उतरतो आणि कूलरमधून २० अंशांची हवा मिळते. तेव्हा कूलर त्यांनी जरूर घ्यावा. मला शंका आहे ती डक्टबद्दल. भट्टीवरून निघणाऱ्या मुख्य डक्टची रुंदी आणि उंची टेपने मोजून कळवायला सांगाल का?

सी-६०२, १०.०५
तिकडे रात्रीचे साडेदहा झाले आहेत, तरी दोघे तळघरात उतरले. मुख्य डक्ट १६ इंच रुंद आणि ८ इंच उंच आहे.

बी-२०४, १०.३०
म्हणजे छेद झाला १२८ चौरस इंच, ०.९ चौरस फुटांहून जरासा कमी. घरगुती डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला १,००० फुटांपर्यंत ठेवला, तर या डक्टमधून सुमारे ९०० सीएफएम हवा जाईल, आणि भट्टीला तेवढी पुरतेही, कारण तिची हवा थोडी पण चांगली तापलेली असते. कूलरची हवा खोलीपेक्षा जेमतेम सात-आठ अंशांनीच थंड असते, म्हणून ती भरपूर लागते. ४,५०० सीएफएमला साडेचार चौरस फुटांचा डक्ट हवा. तिथे आहे त्याच्या पाचपट. शिवाय कूलरचा पंखा पुष्कळ हवा हलवतो, पण अरुंद डक्टचा विरोध सोसण्याची ताकद त्याच्यात नसते. आवाज वाढेल, टोकाच्या खोल्यांत झुळूकही पोहोचणार नाही, आणि बेत फसल्याचे खापर बिचाऱ्या कूलरवर फुटेल.

डी-३०१, १०.४४
माझे माहेर अकोल्याचे, म्हणून एक सुचवते. आमच्याकडे कूलर लावला की समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवतात. ती बंद केली, तर तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकचिकते. तिथे आत गेलेली हवा बाहेर कुठून पडणार?

बी-२०४, ११.०२
अगदी नेमका मुद्दा. कूलरला सतत बाहेरची ताजी हवा लागते आणि आत आलेली तितकीच हवा बाहेर जावी लागते. १,००० सीएफएममागे साधारण २ चौरस फूट उघडी खिडकी धरली, तर या कूलरला ९ चौरस फूट हवी. भट्टीची रचना बरोबर उलटी असते, तीच ती घरातली हवा रिटर्नच्या जाळीतून परत ओढून घेते.

याहून गंभीर बाब म्हणजे भट्टी. कूलर रिटर्नच्या बाजूने जोडला, तर सगळी ओली हवा भट्टीच्या हीट एक्स्चेंजरवरून, म्हणजे आत गॅस जळतो आणि बाहेरून हवा तापते त्या पत्र्याच्या कप्प्यावरून जाईल. तो पत्रा गंजून त्याला भोक पडले, की हिवाळ्यात जळत्या गॅसचा धूर, त्यात कार्बन मोनॉक्साइडही, झोपायच्या खोल्यांत येऊ शकतो. पुढच्या बाजूने जोडला तरी मध्ये डॅम्पर, म्हणजे डक्ट बंद करणारी झडप नसेल, तर हवा सोपी वाट धरून उलटी भट्टीतच शिरते, आणि थंडीत गरम हवा कूलरमार्गे बाहेर निसटते. म्हणून जोडायचेच असेल, तर दोन्हीकडे घट्ट बसणारे डॅम्पर हवेत, आणि भट्टी व कूलर एका वेळी चालूच होणार नाहीत अशी विजेची जोडणी हवी. एवढा खटाटोप करूनही डक्ट अरुंदच राहणार, म्हणून माझे मत नको असेच आहे. घराच्या मधल्या पॅसेजमध्ये भिंतीतून किंवा छतातून एकच मोठे तोंड काढावे आणि ज्या खोलीत गारवा हवा, तिची खिडकी उघडावी; हवा आपोआप तिकडे वळते.

सी-६०२, ११.२०
जावयांना पटले आहे. पॅसेजच्या शेवटी बाहेरची भिंत आहे, तिथेच बसवतील. हिवाळ्यात त्याचे काय करायचे, असे ते विचारत आहेत.

बी-२०४, ११.२६
बर्फ पडण्याआधी टाकी आणि पाण्याची नळी पूर्ण रिकामी करायची, नाहीतर आतले पाणी गोठून नळी फुटेल. भिंतीतले तोंड आतून झाकण लावून बंद करायचे आणि बाहेरून कूलरवर ताडपत्री घालायची. आणि उन्हाळ्यात टाकीतले थोडे पाणी सतत वाहते ठेवायचे, म्हणजे पॅडवर क्षार साचत नाहीत.