मदत हवी आहे : मूत्रपिंडातील अपवाही धमनिकेच्या आकुंचनाचा गाळणावरील परिणाम कसा शिकवावा?

अकरावीला मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा शिकवताना एका मुद्द्यावर अडलो आहे. केशिकागुच्छातले (जिथे रक्त गाळले जाते त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्यातले) रक्त थेट शिरेत न जाता अपवाही धमनिकेतून (गुच्छातून रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक धमनीतून) मूत्रनलिकांभोवतीच्या केशिकांच्या दुसऱ्या जाळ्यात उतरते, ही विलक्षण रचना मुलांना चटकन समजली. अपवाही धमनिका थोडी आकुंचली की गुच्छातील दाब व गाळण वाढते, हेही फळ्यावर आकृती काढून पटवता आले. परंतु ती फार आकुंचली की गाळण उलट घटते, हे काही केल्या पटत नाही. ‘रक्तप्रवाह मंदावतो’ एवढे उत्तर त्यांना पुरत नाही, आणि ते योग्यच आहे. वर्गात फक्त फळा आहे, समीकरणे अजून शिकवलेली नाहीत. मंद प्रवाहात मागे उरलेली प्रथिने दाटत जाऊन पाणी रक्तातच धरून ठेवतात, हे कारण कोणत्या क्रमाने मांडावे?