मदत हवी आहे: पंचेचाळिशीत योग सुरू करायचाय, ठाण्यात वर्ग कुठला?

नमस्कार मंडळी. मी पाचपाखाडीत राहते, वय 46. आजवर कधीच योगासनं केलेली नाहीत. बीपीची गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो.

गेल्या महिन्यात घराजवळच्या एका वर्गाला गेले होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर 12 सूर्यनमस्कार. काही त्रास आहे का, हे कोणी विचारलंच नाही. वज्रासनात बसले तेव्हा गुडघ्यात कळ आली. शेजारच्या काकूंनी हळूच घोट्याखाली घडी केलेला नॅपकिन सरकवला, तेव्हा कुठे बरं वाटलं. खरं तर हे शिक्षकांनी बघायला हवं होतं ना? पुढे प्राणायामात श्वास रोखून धरायला सांगितला. बीपी असताना कुंभक करू नये असं डॉक्टरांनी मला बजावलंय, म्हणून मी तेवढं केलं नाही. त्यानंतर गेलेच नाही.

पण योग सोडायचा नाहीये, मनापासून शिकायचंय. नौपाड्यातल्या घंटाळी मित्र मंडळाचं नाव लहानपणापासून ऐकतेय. तिथे कोणी शिकलंय का? अगदी नवख्यांची वेगळी तुकडी असते का? अय्यंगार पद्धतीत पट्टा, लाकडी वीट, खुर्ची यांचा आधार घेऊन आसनं करतात, ती माझ्या गुडघ्याला जास्त सोयीची पडेल असं वाटतं. तसा वर्ग ठाण्यात कुठे आहे? मला सकाळी साडेसहाची वेळ जमेल, आठची लोकल गाठायची असते. फीपेक्षा शिक्षक प्रत्येकाकडे लक्ष देतात का, तेवढं नक्की सांगा.