कारवारच्या नेव्हल बेसला टगवर (जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) कंत्राटी काम, लागलं तर बघणार कोण?

खानापूरकर: आमचा मामेभाऊ कारवारला टगवर हेल्पर हाय, ठेकेदाराकडून. दोरात हात सापडून दोन बोटं चिरडली, ठेकेदार म्हणतोय गावाकडं जा, बरं झालास की ये, तोवर पगार नाही. नेव्हीचा माणूस नाही म्हणून काहीच मिळणार नाही काय?

निपाणीचा तात्या: मिळतंय की मर्दा! पहिलं ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड बघ. पगार 21,000 च्या आत असेल आणि त्यातून विम्याची वर्गणी कापून घेत असतील तर कामावरच्या जखमेला रोजच्या पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात, आजारपणाला 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवस. ईएसआय नसेल तर भरपाईचा कायदा हाय, 1923 पासूनचा, आता नव्या सामाजिक सुरक्षा कोडात (संहितेत) गेलाय.

सीमाभागी: कायम लास्करची (बोटीवरच्या सरकारी खलाशाची) गोष्ट वेगळी, तो केंद्र सरकारचा नोकर, ड्युटीवर लागलं तर दवाखान्यात असेपर्यंत पूर्ण पगार. शेजारी उभारून तोच दोर ओढणाऱ्या कंत्राटी पोराला हे नाही, हे काय बरं नव्हे.

तात्या: दवाखान्याचे कागद, हजेरीची नोंद, गेटपास जपून ठेवा, आणि कोऱ्या कागदावर सही अजिबात नको.

खानापूरकर: गेटपास ठेकेदारानं काढून घेतलाय, फोटो हाय मोबाईलमध्ये.