अनोळखी माणूस दारात आला तर जाळीचं दार उघडावं का?

फोंड्याची लेक

माझं म्हणणं आधीच सांगते. समोरच्याची ओळख पटेपर्यंत जाळीचं दार उघडायचं नाही, मग तो कोणीही असो. यात उद्धटपणा काही नाही, आणि घरातल्या वयस्कर माणसांना हे आपण परत परत सांगायला हवं.

आत्ता लिहितेय कारण इथे गोव्यात, आमच्याच वाड्यावर, दारात आलेल्यांनी फसवलं. दुपारी जेवणं आटपून सगळे आडवे झालेले. दोन तरुण आले. कपडे नीटनेटके, खांद्याला बॅग, बोलणं गोड. तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर आणलीय म्हणाले. शेजारच्या काकींनी देवघरातली समई दिली, ती खरोखरच लखलखली. मग पैंजण घासून दिले, तेही पांढरेशुभ्र. त्यानंतर विषय काकींच्या हातातल्या पाटल्यांवर आला. पाटल्या वाडग्यातल्या पिवळट पाण्यात बुडवल्या, ब्रशने घासल्या, हळद लावून कागदात गुंडाळल्या आणि "अर्ध्या तासाने उघडा, रंग बसू दे" असं सांगून दोघे गेले. पाटल्या कागदात होत्याच, पण सोनाराच्या काट्यावर वजन भरेना. ते पिवळट पाणी म्हणजे आम्लराज. तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल ३:१ या प्रमाणात मिसळलं की त्यात सोनं विरघळतं, आणि पुढे त्याच पाण्यातून ते परत काढताही येतं. म्हणून पाटल्या काकींना परत दिल्या आणि पाणी मात्र बाटलीत भरून नेलं.

काकी शिकलेल्या आहेत. त्यांना मध्येच संशयही आला होता. पण "समई फुकट घासून दिली, आता नाही कसं म्हणू" या भिडेपायी त्या गप्प बसल्या. भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय.

म्हणून मी घरी काही गोष्टी ठरवून टाकल्यात. लाकडी दार हवं तर उघडं ठेवा, जाळीचं बंदच. गॅसवाला, वीजवाला, बँकवाला म्हणून कोणी आला तर तो देईल त्या नंबरावर फोन लावायचा नाही. आपल्या बिलावर, पुस्तकावर छापलेल्या नंबरावर लावायचा. मीटर सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर असेल तर वाचायला आत यायचं कारण नाही. आणि कोणी पोलीस म्हणून आलं तरी ११२ ला फोन करून खात्री करायची. अटक करणाऱ्या पोलिसाने आपलं नाव स्पष्ट दिसेल असं लावलंच पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. "मी साध्या वेशात आहे, पुढे चोरी झालीय, दागिने काढून पुडीत बांधा" असं सांगणारा पोलीस नसतो.

वाळपईचा मास्तर

बाय, काकींचं ऐकून वाईट वाटलं. पण उपाय मला पटत नाही.

आमच्याकडे सकाळी दार उघडतं ते रात्री झोपताना लागतं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की कोणीतरी पायरीवर येतं, मागोमाग नुस्तेंवाली, म्हणजे मासेवाली, येते, मग भाजीवाला. या सगळ्यांना वाड्यावरचं प्रत्येक घर माहीत. एखादी म्हातारी दोन दिवस दिसली नाही तर "बाय खंय गेली?" असं पहिल्यांदा तेच विचारतात. तुम्ही जाळी लावून आत बसलात की हे डोळे गेले. मग दुपारी येणाऱ्या त्या दोन तरुणांना कोणी बघणारच नाही.

आणि २०२५ साल आठवा. दोनापावलात आणि म्हापशात रात्री घरात घुसून घरच्यांना बांधून घालून लुटलं. त्यांनी बेल वाजवली होती का? ज्यांना खरोखर लुटायचं असतं त्यांना तुमची जाळी अडवत नाही. अडकतो तो बिचारा पापड विकणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ही.

फोंड्याची लेक

सर, दरोडा आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरोडेखोर गज कापून येतो, त्याच्यासाठी पोलिसांची गस्त हवी, रस्त्यावर दिवे हवेत. मी बोलतेय ते बेल वाजवून, हसून आत येणाऱ्याबद्दल. त्याच्याकडे कटावणी नसते. आपण दार उघडणार यावरच त्याचा धंदा चालतो, आणि तेवढं तरी आपल्या हातात आहे.

पोदेराला मी कुठे अडवलं? तो ओळखीचा आहे. आणि पाव घ्यायला जाळीचं दार उघडून आत बोलवावं लागतं कुठे?

डिचोलीची बीएलओ

मी बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारी बूथ पातळीवरची अधिकारी. मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे जाळीच्या बाहेरून लिहिते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारयादीच्या विशेष पुनरीक्षणाचे अर्ज घेऊन आम्ही घरोघरी फिरलो. माझ्या वाट्याला आलेल्या भागात जुनी घरं होती तशा नव्या इमारतीही होत्या. कोणी पडद्याआडूनच "कोण नाही घरात" म्हणायचं, कोणी कुत्रा मोकळा सोडायचं. एका बंगल्यात तर बाईंनी ऐकून न घेताच ओरडायला सुरुवात केली. ते मनाला लागलं.

पण ज्यांनी "आधी कार्ड दाखवा" म्हटलं त्यांचा मला एकदाही राग आला नाही. मी कार्ड जाळीला टेकवून धरायची, त्यांना सावकाश वाचू द्यायची. त्या अर्जावर बीएलओचं नाव आणि फोन नंबर छापलेला होता, तोही दाखवायची. एक आजी घरात एकट्या होत्या. त्यांनी अर्ज जाळीतून घेतला, खिडकीच्या फळीवर ठेवून सही केली, तसाच परत दिला. माझं काम झालं, त्यांचंही झालं. दार उघडावं लागलंच नाही.

लोकांना एक गोष्ट माहीत असावी असं वाटतं. अशा कामाला आलेल्या माणसाला तुमचा ओटीपी लागत नाही, बँक खात्याचा नंबर लागत नाही, पैसे तर नाहीच नाही. जनगणनेचंही तेच. १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे, त्यामुळे प्रगणकाला हाकलून लावता येत नाही. पण उत्तरं पायरीवर उभं राहूनही देता येतात. ओटीपी, खात्याचा नंबर किंवा पैसे मागितले की तिथेच बोलणं थांबवा.

सासष्टीकार

सगळे गोल गोल बोलताय. दुपारच्या वेळी फिरणारे हे लोक गोंयचे नसतात, एवढं सरळ म्हणा की. भाड्याच्या खोल्यांत कोण राहतं याचा पत्ता नाही. भाडेकरूंची पडताळणी करणं घरमालकाला बंधनकारक आहे, किती जण करतात? कोंकणी येत नसेल त्याला माझ्या गेटच्या आत पाऊल टाकू देत नाही. आजवर फसलो नाही.

चंदगडचा

मी पार्सल पोचवतो. गाव चंदगड, कामधंदा म्हापशाला. मराठी बोलतो, कोंकणी मोडकीतोडकी. वर ज्यांनी लिहिलंय त्यांच्यासारख्यांच्या गेटवर मी रोज उभा असतो.

पडताळणीचा फॉर्म माझ्या घरमालकाने भरलाय, पोलीस ठाण्यात माझा फोटो आहे. ते बरोबरच आहे. पण गेटवर मला कोणी त्याबद्दल विचारत नाही. तिथे नुसता चेहरा बघतात, बोलण्याची लकब ऐकतात. परवा एका सोसायटीत मी लिफ्टपाशी उभा होतो तर एकाने मोबाइल काढून माझा व्हिडिओ घेतला. काय केलं म्हणून घेतला ते सांगितलंही नाही. तो कुठल्या ग्रुपवर जाईल, खाली काय लिहिलं जाईल, मला कसं कळणार?

कोंकणी येणारा फसवत नाही हे कोणी सांगितलं? फसवायलाच निघालेला माणूस चार वाक्यं शिकून येतो, कुलदैवताचं नावही विचारून येतो. फोंड्याच्या ताईंनी लिहिलेला नियम मला चालतो, कारण तो सगळ्यांना सारखा आहे. जाळीतून बोला, पार्सल पायरीवर ठेवायला सांगा, ओटीपी आतून ओरडून सांगा. मला आत यायचंच नसतं, अजून कितीतरी घरं बाकी असतात. पण गोऱ्या पर्यटकाला गेट उघडं आणि मला बंद, असं असेल तर त्याला सुरक्षा म्हणू नका.

सासष्टीकार

सगळ्यांबद्दल बोललो नाही. पण सावध राहण्याचा हक्क मला आहे की नाही?

डिचोलीची बीएलओ

आहे ना. पण कोंकणी येणाऱ्याला तुम्ही बिनधास्त आत घेता, म्हणजे त्याच्यापुढे तुमची सावधगिरी संपली. तुमच्या आईला फसवायला कोण येईल ते त्याच्या भाषेवरून ठरत नाही. कार्ड मागा, सगळ्यांकडे मागा, माझ्याकडेसुद्धा.

वास्कोचा गॅसवाला

गॅस एजन्सीत काम करतो म्हणून थोडं लिहितो. आमच्या नावावर फसवणारे खूप.

घरगुती गॅस जोडणीची तपासणी पाच वर्षांतून एकदा बंधनकारक असते, हे खरं. ती करायला एजन्सीचा माणूस येतो, त्याच्याकडे ओळखपत्र असतं आणि पैसे घेतले की पावती देतो. भोंदू येतो तो बॅगेत नळी घेऊनच. शेगडीखालची नळी ओढतो, वाकवून दाखवतो, "बघा तडा गेलाय, आज रात्री काही झालं तर?" म्हणतो आणि हलकी नळी दुप्पट-तिप्पट दराने गळ्यात मारतो. नळीवर तारीख छापलेली असते, ती आधी स्वतः वाचा. मुदत संपली असली तरी घाई नको, एजन्सीला फोन करून मागवा. वास येत असेल, खरंच गळती वाटत असेल, तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि १९०६ ला फोन करा. हा गॅस गळतीचा आपत्कालीन नंबर आहे, दारावर आलेल्या माणसाची वाट बघायची गरज नाही.

ओटीपीबद्दल लोकांचा गोंधळ होतो. सिलिंडर बुक केल्यावर मोबाइलवर येणारा डिलिव्हरीचा कोड आमच्या माणसाला द्यायचा असतो, पण सिलिंडर दारात आल्यावरच. सिलिंडर समोर नसताना फोनवर किंवा दारात कोणी कोड मागितला तर देऊ नका. आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

मार्दोळची आजी

तुम्ही सगळे माझ्यासारख्यांबद्दल बोलताय, मग मीच बोलते. वयाची सत्तरी उलटली, घरात एकटी असते, मुलगा पुण्याला. नातीने हे मोठ्या अक्षरात लावून दिलं म्हणून वाचता आलं.

बाय, तुझं जाळीचं दार मला मान्य आहे. पण ते दार माझ्यासाठी आहे, माझ्यावर नाही. मुलाने दारावर कॅमेरा लावायचं काढलं होतं. पुण्यात बसून बघणार, आई कोणाशी बोलते, किती वेळ बोलते. मी नको म्हटलं. माझ्या दारात कोण यावं ते मी ठरवीन.

मी काय करते ते सांगते. बेल वाजली की दाराकडे जात नाही. बाजूच्या खिडकीकडे जाते, तिथून पायरी पूर्ण दिसते आणि बाहेरच्याला मी अर्धीच दिसते. "कोण?" विचारायच्या आधी आत बघून मोठ्याने "अरे, बघ रे कोण आलंय" म्हणते. घरात कोणी नसलं तरी म्हणते. "घरात कोण कोण असतं?" असं विचारणाऱ्याला उत्तरच देत नाही, हा प्रश्न विकायला आलेल्याचा नव्हे. पाणी मागितलं तर देते, नळ बाहेर अंगणात आहे तिथे तांब्या ठेवलेला असतो. तहानलेल्याला नाही म्हणायचं माझ्याने होणार नाही, आणि त्यासाठी दारही उघडावं लागत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला की मग अनोळखी माणसाशी बोलणं नाही. "उद्या सकाळी ये" म्हणते.

आणि एक. ती जाळी आतून कुलूप घालून बंद करता ना, चावी कुठे ठेवता? आमच्या ओळखीच्या एका घरात ती फ्रिजवर डब्यात असते. रात्री स्वयंपाकघरात पेट घेतला तर म्हातारं माणूस अंधारात डबा शोधणार? चावी दाराजवळ खिळ्याला हवी. बाहेरून हात घातला तर पोचणार नाही आणि आतून डोळे मिटून सापडेल अशी.

वाळपईचा मास्तर

काकी, तुमचं खिडकीचं आवडलं. आमच्या जुन्या घरांना सोप्याला लागून अशी खिडकी असतेच. नव्या फ्लॅटमध्ये तेवढीच नसते.

पण माझी हरकत मी सोडलेली नाही. शिगम्यात मेळ घरोघरी येतो, अंगणात नाचतो, चवथीला आरत्या करत पोरं घराघरांत जातात. त्यात अर्धी तोंडं मला आता ओळखू येत नाहीत, नातवंडांच्या वयाची. त्यांच्याकडेही कार्ड मागायचं का?

फोंड्याची लेक

मेळ गुपचूप येत नाही, सर. ढोल-ताशा दोन घरं आधीपासून ऐकू येतो, सगळा वाडा बरोबर असतो. त्याला कोण अडवणार? आरतीची पोरं आली तर त्यांच्याबरोबर वाड्यावरचं एखादं ओळखीचं मोठं माणूस असतंच. मला धास्ती आहे ती भर दुपारची, वाडा झोपलेला असताना, एकट्या बाईच्या दारात उभ्या राहणाऱ्याची.

डोळे गेले असं तुम्ही म्हणालात ते मात्र मी मनावर घेतलंय. आमच्या वाड्यावर आता ठरवलंय की दुपारी कोणी विकायला, घासायला, तपासायला आलं की ज्याच्या दारात पहिल्यांदा आलं त्याने शेजारच्या दोन घरांना फोन करायचा. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, हे चंदगडच्या दादांचं वाचून मीच घातलं. नुसतं "कोणीतरी आलंय, जरा पायरीवर येऊन बसा" एवढंच. काकी स्वतः म्हणाल्या, त्या दिवशी समोरच्या घरातलं एक माणूस बाहेर येऊन बसलं असतं तरी पाटल्या हातातून निघाल्या नसत्या. आजी, चावीचं आजच बघते. आमची देवघराच्या खणात आहे.

चंदगडचा

हे चालेल. एकच मागणं आहे. दार उघडू नका, पण आवाज तरी द्या. "थांब, येते" किंवा "नको, जा" काहीही. घरात माणूस आहे हे पडद्यावरून कळतं आणि आम्ही बेलवर बेल मारत उन्हात उभे असतो. उत्तर मिळालं की पुढच्या घरी जाता येतं.

मार्दोळची आजी

आवाज देईन रे पुता. मार्दोळला आलास तर खिडकीकडे बघ.