'दोन-तृतीयांश' नेमके कशाचे?

प्रश्न : एका कामगार संघटनेच्या नियमावलीत वाक्य आहे : 'कार्यकारिणी दोन-तृतीयांश बहुमताने अध्यक्षास पदावरून दूर करू शकेल.' कार्यकारिणी 21 जणांची. सभेला 15 हजर, बाजूने 9, विरोधात 4, तटस्थ 2. ठराव मंजूर धरायचा का?

— एवढ्या वाक्यावरून सांगता येणार नाही. 'एकूण सदस्यांच्या' धरलं तर 14 मतं हवीत, 'उपस्थितांच्या' धरलं तर 10. 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या' असं असेल तर 13 चे दोन-तृतीयांश, म्हणजे 9. ठराव तरतो तो फक्त इथेच. पहिल्या दोन अर्थांत तटस्थ माणूस विरोधातच जमा होतो, हे हात वर करण्याआधी सांगायला हवं. नंतर सांगितलं की भांडण. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याचं कलम 6 पदाधिकारी नेमण्या-काढण्याची रीत नियमावलीत असावी एवढंच म्हणत होतं. मतांचा आकडा संघटनेने ठरवायचा.

— 'एकूण'सुद्धा निसरडा आहे. दोन जागा रिकाम्या असतील तर 21 धरायचे की 19? लोकसभेच्या अध्यक्षाला हटवण्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 94 मध्ये सभागृहाच्या 'त्या वेळच्या सर्व सदस्यांचं' बहुमत लागतं, म्हणजे रिकाम्या जागा हिशेबातून गेल्या. 14 दिवसांची नोटीसही तिथेच आहे. अनुच्छेद 96 तर उतरवून घेण्यासारखा : ठराव विचाराधीन असताना अध्यक्ष पीठासीन होत नाही, पण बोलू शकतो, एक मतही देऊ शकतो. मतं समसमान पडली तर निर्णायक मत मात्र त्याला नाही.

— आणि हा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात ढकलू नका. परवानगी कोण देणार, तेच बघा! विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांक हवा.

— 'बडतर्फ' नको, तो नोकरीतला शब्द. 'निलंबित' म्हणजे तात्पुरतं बाजूला. 'अध्यक्षपदावरून दूर करणे' बरोबर, पण त्याने कार्यकारिणीचं सदस्यत्व जात नाही. ते वेगळं लिहावं लागेल. नुसता 'अविश्वास ठराव' असाही फसवा : तो मंजूर झाल्यावर पद रिक्त होतं असं नियमात नसेल, तर नाराजी नोंदली जाते आणि खुर्ची तशीच राहते.

प्रश्नकर्ता : मग 'त्या वेळच्या एकूण सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी बाजूने मत दिल्यास अध्यक्षपद रिक्त होईल' असं चालेल?

— चालेल. 19 जणांत 12.67 येतात, 'किमान' आहे म्हणून 13 लागतील.