पापाची जाणीव असताना आभार कसे मानावेत?

प्रश्न : ज्या पापाची क्षमा काल मागितली तेच आज पुन्हा घडलेले असताना, देवाच्या तारणाऱ्या प्रीतीबद्दल आभार मानणे हा ढोंगीपणा ठरत नाही का? पापकबुलीनंतर आभाराचे शब्द ओठांवर येता येता अडखळतात.

प्रतिसाद १ : बायबलमधील रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. प्रीती आधी, सुधारणा नंतर, असा हा क्रम आहे. आभार मानण्यापूर्वी निर्दोष व्हावे लागत असते, तर वधस्तंभाची गरजच उरली नसती.

प्रतिसाद २ : लूककृत शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय पाहावा. शिमोन या परूश्याच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातील माणसाच्या) घरी एक पापी स्त्री येशूचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते व त्यांना सुगंधी तेल लावते. यजमानाने मात्र पाय धुवायला पाणीही दिलेले नसते. तेव्हा येशू ५०० आणि ५० दीनारांच्या दोन कर्जदारांचा दाखला देतो : सावकार दोघांचेही कर्ज माफ करतो, आणि ज्याला जास्त माफ झाले तो जास्त प्रीती करतो. फेडायला दोघांजवळही काहीच नव्हते, हा तपशील (प्रवचनांतूनही) बहुधा निसटतो. शिमोनाची अडचण कमी पापाची नव्हे, कमी जाणिवेची होती.

प्रतिसाद ३ : सहमत आहे, मात्र कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, या प्रश्नाला पौलाने रोमकरांस पत्राच्याच ६ व्या अध्यायात ठाम नकार दिला आहे, हेही ध्यानात घ्यावे. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, पण येशूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले ते त्याआधीच.